शब्द एक, अर्थ दोन: 'प्रीस्ट' म्हणजे कोण?



आपल्या गावात देवळातली पूजा गुरव करतो. घरात वाटणीचा तंटा झाला, तर मात्र आपण वडीलधाऱ्यांना बोलावतो. दोघांची कामं वेगळी, म्हणून नावंही वेगळी. पण दोघांना एकच नाव असतं तर? कुणाचा अधिकार कुठवर, याचा घोळच झाला असता. युरोपातल्या ख्रिस्ती लोकांत पाचशे वर्षांपूर्वी असाच वाद पेटला. आज त्याची गोष्ट सांगते.

बायबलचा नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिलेला. त्यात दोन शब्द येतात. एक 'हिएरेउस', म्हणजे देवाला बळी अर्पण करणारा याजक. दुसरा 'प्रेस्बिटेरोस', म्हणजे वडील माणूस. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांची देखरेख करणाऱ्यांना नवा करार 'वडील' म्हणतो. हाच शब्द लॅटिनमधून इंग्रजीत गेला आणि त्याचा 'प्रीस्ट' झाला. पण इंग्रजीत याजकालाही 'प्रीस्ट'च म्हणू लागले. शब्द वडिलांचा, त्यात अर्थ भरला याजकाचा.

कॅथलिक लोकांना यात चूक दिसत नाही. ते म्हणतात, मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतो, तेव्हा ख्रिस्ताचंच बलिदान वेदीवर समोर येतं. ते अर्पण करणारा तो याजकच. हा अधिकार त्याला बिशपने डोक्यावर हात ठेवून दिलेला असतो, आणि ती दीक्षा जन्मभराची असते.

1520 साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरने याला हरकत घेतली. त्याचं म्हणणं असं, की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच आहे. मग चर्चमधला पाळक कोण? ल्यूथरने दाखला दिला. राजाचे दहा मुलगे, सगळे सारखेच वारस. कारभारासाठी ते आपल्यातल्या एकाला निवडतात. म्हणून तो काही इतरांपेक्षा वेगळ्या रक्ताचा होत नाही. आपल्या बचत गटाची अध्यक्ष असते ना, तसंच.

ल्यूथरचं आणखी एक वाक्य रोमला फार खुपलं. जिथे प्रीस्ट नसेल, तिथे पापक्षमेचं वचन कुणीही ख्रिस्ती माणूस देऊ शकतो, अगदी बाई किंवा मूलसुद्धा, असं तो म्हणाला होता. त्याच वर्षी पोप दहावे लिओ यांनी त्याची 41 मतं धिक्कारली, त्यात हेही होतं. पण ल्यूथरनेही पाळकाचं पद काही बाईच्या हाती दिलं नाही.

इंग्लंडमध्ये विल्यम टिंडेलने नवा करार ग्रीकमधून इंग्रजीत आणला. 1526 साली तो छापून झाला आणि कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून इंग्लंडमध्ये पोचला. त्यात त्याने 'प्रीस्ट'च्या जागी आधी 'सीनियर' लिहिलं, पुढे 1534 मध्ये 'एल्डर', म्हणजे सरळ 'वडील'. थॉमस मोर हा मोठा विद्वान चिडला. शब्द बदलला की लोकांचा विश्वासच बदलेल, हे त्याने ओळखलं होतं. 1529 साली त्याने टिंडेलविरुद्ध पुस्तक लिहिलं.

शेवट दोघांचाही वाईट झाला. राजाला चर्चचा प्रमुख मानायला मोरने नकार दिला, म्हणून 1535 मध्ये त्याचं डोकं उडवलं. टिंडेलला 1536 मध्ये आजच्या बेल्जियममध्ये गळा आवळून मारलं आणि देह जाळला.

पुढे 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने कॅथलिक अर्थ पक्का केला. 1582 च्या कॅथलिक इंग्रजी नव्या करारात 'प्रीस्ट' राहिला, 1611 च्या प्रोटेस्टंट बायबलात 'एल्डर' आला. गंमत म्हणजे इंग्लंडच्या चर्चने रोमशी नातं तोडलं, तरी आपल्या पाळकांना 'प्रीस्ट' म्हणणं काही सोडलं नाही.

कॅथलिकांनीही पुढे दुसऱ्या व्हॅटिकन सभेत, 1964 साली, सगळ्या श्रद्धावंतांना याजकपणाचा वाटा आहे, हे ठळकपणे मांडलं. मात्र दीक्षितांचं याजकपण मुळातच वेगळं, असंही बजावलं.

आणि बायका? 1994 च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या चर्चने पहिल्यांदा 32 बायकांना प्रीस्टची दीक्षा दिली. त्याच वर्षी मे महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल यांनी सांगितलं, की बायकांना ही दीक्षा देण्याचा अधिकार कॅथलिक चर्चला नाही.

मराठी बायबलात हे दोन शब्द वेगळेच आहेत, 'याजक' आणि 'वडील'. तरी वसईतले कॅथलिक 'फादर' म्हणतात आणि अहिल्यानगरकडचे प्रोटेस्टंट 'पाळक' म्हणतात, त्यामागे हा सगळा इतिहास उभा आहे.

मैत्रिणींनो, कुणाचा धर्म खरा, हे ठरवायला मी बसले नाही. पण पदाचं नाव कानावर आलं, की एवढं जरूर विचारा: हा अधिकार वरून आला, की आपण सगळ्यांनी मिळून दिला? पुढच्या बैठकीत आपल्या गटातल्या पदांबद्दल हाच प्रश्न विचारून बघा.