रूढी सिद्ध झाली नाही

ठाणाकुशनूरच्या आमच्या शाळेत नेल्सन मंडेलांचा लढा शिकवणे तसे सोपे जाते. दक्षिण आफ्रिकेत 1948 साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला. 1950 च्या कायद्याने वस्त्या वंशवार वाटल्या गेल्या आणि 1953 च्या कायद्याने बाके, रेल्वेचे डबे, समुद्रकिनारेसुद्धा वेगळे झाले. ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा पाट्याच लागल्या. मंडेला 27 वर्षे बंदिवासात राहिले आणि 1990 मध्ये सुटले. मुले मन लावून ऐकतात, हळहळतात. दूरचा अन्याय माणसाला चटकन कळतो.

मग मी नकाशावर कोकणातले महाड दाखवतो आणि चवदार तळ्याची हकीकत सांगतो. एकदा एका मुलाने विचारले, “सर, तिथे पाटी होती का?” प्रश्न मार्मिक होता. पाटी नव्हती. उलट कायदा मोकळा होता. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 सालीच मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही तीन वर्षांत तिथे कोणी अस्पृश्य पाणी भरू शकला नाही. जिथे रूढी पहाऱ्यावर उभी असते, तिथे पाटीची गरज काय?

20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. तळ्याची गोमूत्र-शेणाने ‘शुद्धी’ झाली, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती. मंडपाला जागा मिळेना, तेव्हा ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. तोवर सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम आणला होता. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण पुन्हा पाणी घेण्याचा सत्याग्रह बाबासाहेबांनी तहकूब केला आणि लढा न्यायालयात नेला.

हे झाले मुंबई इलाख्याचे. आपला बीदर जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथली गोष्टही फारशी वेगळी नव्हती. महाडचा खटला चालू असतानाच, 1934 साली, बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादच्या किल्ल्यावर आले. प्रवासाची धूळ अंगावर होती. दरवाजाजवळच्या हौदावर काही जणांनी हातपाय धुतले, तोच हौद बाटवल्याचा ओरडा झाला. रमजानचे दिवस होते आणि ओरडणारे मुसलमान होते. अखेर किल्ला पाहायला मिळाला तो सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात, कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. महाडला एका मुसलमानाने जागा दिली आणि दौलताबादला मुसलमानांनीच हौद अडवला. विटाळाची सवय एका धर्मापुरती राहत नाही, हे मुलांना या दोन प्रसंगांतून आपोआप कळते.

महाडचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात 17 मार्च 1937 रोजी लागला, म्हणजे पाणी प्यायल्यानंतर दहा वर्षांनी. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे 1922 मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच न्यायाधीश. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून आहे, असे वादींचे म्हणणे होते. खालच्या दोन्ही न्यायालयांप्रमाणे उच्च न्यायालयानेही एवढेच पाहिले: ही रूढी केव्हापासूनची, आणि पुरावा काय? पुरावा नव्हता. रूढी सिद्ध झाली नाही आणि अपील फेटाळले गेले.

इतिहासाच्या शिक्षकाला हा निकाल फार जवळचा वाटतो. ‘पूर्वापार चालत आले आहे’ हे वाक्य आपल्या गावांत जत्रेपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्यावर ‘केव्हापासून? दाखवा’ असे विचारायला मुलांनी शिकावे. पुष्कळ रूढी या एका प्रश्नानेच उघड्या पडतात.

पण या निकालात एक उणीव राहिली होती. समजा, वादींनी रूढी सिद्ध केली असती तर? तशी रूढी न्याय्य आहे का, या प्रश्नात न्यायालयाला शिरावेच लागले नाही. विजय पुराव्यावर मिळाला होता, तत्त्वावर नव्हे. अन्याय हजार वर्षांचा असला तरी तो अन्यायच, हे कुठेतरी लिहून ठेवणे बाकी होते.

ते 26 जानेवारी 1950 पासून अमलात आले. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम 15 मध्ये तर विहिरी, तलाव आणि स्नानघाट नावानिशी आले आहेत. एवढ्या मोठ्या ग्रंथात विहिरींचा उल्लेख कशाला, असे मुले विचारतात. ज्यांना महाड ठाऊक आहे त्यांना तो प्रश्न पडत नाही. 1948 मध्ये निजामाचे राज्य संपले होते, म्हणून ते कलम आपल्या बीदरच्या पाणवठ्यांनाही पहिल्या दिवसापासून लागू झाले. मात्र 1924 चा ठरावही कागदावर होताच. कागदापासून पाण्यापर्यंतचे अंतर माणसांना चालूनच कापावे लागते, आणि ते चालणे आपल्या पिढीवर आजही आहे.