त्वचेचे रिटचिंग

त्वचेचे रिटचिंग : व्यक्तिछायाचित्रातील पुटकुळ्या, डाग, चट्टे, तेलकट चमक व डोळ्यांखालची काळवंडलेली छटा कमी करण्याची प्रक्रिया. संगणकावर ती मुख्यतः फोटोशॉप, लाइटरूम, गिंप यांसारख्या प्रणालींतील ब्रशांनी केली जाते. त्वचेची प्रतिमा दोन घटकांची बनते : रंध्रे, लव, बारीक रेषा यांचा पोत आणि रंग-उजेडाची छटा. पोत शाबूत ठेवून छटा सुधारणे हे या कामाचे मुख्य सूत्र आहे.

इतिहास : म्यूनिकचे छायाचित्रकार फ्रान्ट्स हान्फ्श्टेंगल यांनी रिटच केलेली निगेटिव्ह १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. त्या काळातील ओल्या कोलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील, पण तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे वांग आणि लालसर पुटकुळ्या प्रत्यक्षापेक्षा गडद उमटत व रिटचिंगची गरज वाढे. छापात गडद दिसणारा डाग निगेटिव्हवर पारदर्शक असतो. त्या जागी टोकदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके भरले की छापात तो उजळे. उलट पात्याने थर खरवडला की तो भाग गडद होई. भारतातील स्टुडिओंतही कृष्णधवल छायाचित्रणाच्या काळात हे ‘टचिंग’ रूढ होते.

टॉमस व जॉन नोल या बंधूंची फोटोशॉप प्रणाली १९९० मध्ये बाजारात आली. तिच्यातील रबर स्टँप, म्हणजे आजचा क्लोन स्टँप, एका जागचे पिक्सेल जसेच्या तसे दुसरीकडे उमटवतो. पोताबरोबर छटाही येत असल्याने गालावरचा तुकडा कपाळावर ठिगळासारखा उठून दिसे. २००२ च्या फोटोशॉप ७ मधील हीलिंग ब्रशने ही अडचण बरीचशी दूर केली. तो नमुन्यातून पोत घेतो आणि रंग-उजेड मात्र डागाभोवतीच्या त्वचेशी जुळवतो. २००५ च्या सीएस२ आवृत्तीतील स्पॉट हीलिंग ब्रश नमुन्याची जागाही स्वतःच निवडतो.

पद्धत : मूळ चित्र अबाधित राहावे म्हणून काम वेगळ्या लेयरवर करतात. ब्रश डागापेक्षा किंचित मोठा ठेवतात. लांब फटकाऱ्याऐवजी एकेक टिचकी देतात. हीलिंग ब्रश कडेचा रंगही आत ओढत असल्याने केसांची रेषा, ओठ व भुवयांलगत धब्बा पडतो. तेथे क्लोन स्टँपच सोयीचा ठरतो. छटेतील चढउतारासाठी डॉज व बर्न ही पद्धत वापरतात. मऊ ब्रशचा फ्लो अगदी कमी ठेवून गडद ठिकाणे थोडीथोडी उजळतात, उजळ ठिकाणे दबवतात. फ्रीक्वेन्सी सेपरेशनमध्ये पोत व छटा दोन स्वतंत्र लेयरांत विभागतात. खालच्या लेयरमध्ये धूसर केलेले चित्र, तर वरच्यात मूळ चित्र व धूसर चित्र यांतील फरक असतो. पोताला धक्का न लावता रंग सुधारता येतो. डाग टिपण्यासाठी चित्र मोठे करून पाहतात, पण परिणाम पूर्ण चित्रावर तपासतात.

मर्यादा : सरसकट ब्लर दिल्यास रंध्रे पुसली जाऊन त्वचा निर्जीव व गुळगुळीत दिसते. डोळ्यांखालची वळी पूर्ण काढल्यास चेहऱ्याची ठेवण बदलते. म्हणून ती फक्त फिकट करतात. पुटकुळीसारख्या तात्पुरत्या खुणा काढाव्यात, तीळ, व्रण यांसारख्या कायमच्या खुणा मात्र व्यक्तीला विचारल्याशिवाय हलवू नयेत, असा व्यावसायिक संकेत आहे. पासपोर्टसारख्या ओळखपत्रांच्या छायाचित्रांत असे बदल चालत नाहीत. नॉर्वेमध्ये १ जुलै २०२२ पासून जाहिरातीतील व्यक्तीच्या शरीराचा आकार, आकारमान किंवा त्वचा रिटचिंगने बदलली असल्यास तशी ठळक खूण देणे बंधनकारक आहे.