जनी, गोणाई, लाडाई : नावांचा एक सामाजिक इतिहास

जुनी नावे पुन्हा पाळण्यात येण्याची प्रवृत्ती केवळ आपल्याकडची नाही. इंग्लंडात 1066 च्या नॉर्मन विजयानंतर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ही नावे इतकी रुजली, की जुनी सॅक्सन नावे दोनेक शतकांत मागे पडली. पुढे एकोणिसाव्या शतकात मध्ययुगाच्या ओढीने आल्फ्रेड, एडिथ यांसारखी नावे तेथे पुन्हा लोकप्रिय झाली. जुन्या नावाची ओढ ही बहुधा निवडलेल्या भूतकाळाची ओढ असते. म्हणून कोणती नावे परत येतात याइतकाच, कोणती येत नाहीत हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मराठीत हा प्रश्न विचारण्यासाठी परभणीइतका योग्य प्रदेश क्वचितच सापडेल.

संत जनाबाई गंगाखेडच्या. नामदेवांच्या घराण्याचे मूळ गाव म्हणून परंपरा सांगते ते नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. परंतु 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत ही दोन्ही गावे परभणी जिल्ह्यातच होती. नामदेवांच्या कुटुंबाची जी नामावळी परंपरेने जपली आहे, ती चौदाव्या शतकाच्या आसपासच्या मराठी घराचे जणू हजेरीपत्रकच आहे. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. मुलगे नारा, विठा, गोंदा, महादा. सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. मुलगी लिंबाई, बहीण आऊबाई. आणि या सर्वांबरोबर दासी जनी. यांपैकी अनेकांच्या नावावर अभंगही आहेत.

या यादीकडे भाषेच्या अंगाने पाहिले, तर एक भेद चटकन लक्षात येतो. मुलांची नावे देवांची आहेत : नारायणाचा नारा, विठ्ठलाचा विठा, गोविंदाचा गोंदा, महादेवाचा महादा. संस्कृत नाम बोलीत घासून घरगुती झाले आहे. देव दाराशी येऊन अरे-तुरेच्या सलगीत बसला आहे. स्त्रियांच्या नावांत मात्र देव जवळजवळ नाही. लाड, गोडवा, साखर, लिंब अशा घरा-अंगणातल्या, चवीच्या आणि मायेच्या शब्दांना ‘आई’ हा प्रत्यय जोडून ती घडली आहेत. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’तील महदाइसा, उमाइसा ही नावे याच वळणाची. प्रत्ययातून आदर व्यक्त करण्याची ही रीत तेराव्या शतकातच मराठीत पक्की झाली होती, असे म्हणता येते.

स्त्रीच्या नावाला आणखी एक बाजू आहे. लग्नात नवरीचे नाव बदलण्याची, ताटातील तांदळावर ते नवे नाव लिहिण्याची चाल आपल्याकडे दीर्घकाळ चालत आली. माहेरचे नाव अशा वेळी उंबरठ्याबाहेरच राहते. परंपरेनुसार जनाबाईला सासर नव्हते. ती लहानपणी पंढरपुरास नामदेवांच्या घरी आली आणि दासी म्हणून राहिली. जिच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काहीच नव्हते, तिचे नाव मात्र कोणी बदलले नाही. आपल्या अभंगांत ती ‘जनी’ या लहान, कामकरी रूपानेच स्वतःचा उच्चार करते, आणि त्या उच्चारात दैन्यापेक्षा हक्क अधिक जाणवतो.

हा हक्क सर्वांना मिळाला नाही, हे विसरता येणार नाही. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे, असा दंडक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. गावोगाव आढळणारी धोंड्या, दगड्या, केऱ्या, उकंडी ही नावे मात्र सरसकट या दंडकाची अपत्ये मानणे बरोबर नाही. मुले जगत नसलेल्या घरात, दृष्ट लागू नये म्हणून, सवर्ण आईबापही मुलाला हीन नाव ठेवीत. तेथे हीनत्व हे मायेचे कवच असते. फरक एवढाच, की वरच्या जातीतला धोंडू मोठेपणी धोंडोपंत होई; खालच्या जातीतला धोंड्या म्हातारपणीही धोंड्याच राही. नाव तेच, पण त्याला आदराचा प्रत्यय लावण्याचा अधिकार गावाच्या हाती होता.

14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, यशोधरा, संघमित्रा ही नावे मराठवाड्याच्या वस्त्यांत आली, त्यांचा अर्थ या पार्श्वभूमीवर उमगतो. येथे जुने नाव सोडणे म्हणजे परंपरा गमावणे नव्हते. अधिक जुनी, स्वतः निवडलेली परंपरा मिळवणे होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी 1978 पासून 1994 पर्यंत जो संघर्ष झाला, घरे जळली, माणसे मारली गेली, त्याने नाव ही केवळ अक्षरे नसतात हे साऱ्या प्रदेशाला दाखवून दिले.

मुलींच्या बाबतीत हा इतिहास अजून संपलेला नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात ‘नकुसा’ नाव असलेल्या 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नकुसा हे दृष्टीपासून राखणारे नाव नव्हे; मुलगी झाल्याची तक्रार तिच्याच अंगावर आयुष्यभर गोंदणारे ते नाव आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदपत्रांवर, वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. शतकानुशतके वडिलांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या समाजात ही लहान गोष्ट नाही.

आज शहरी घरांत मुक्ता, सई, जिजा ही नावे आवडीने ठेवली जातात. गोणाई, साखराई, लिंबाई मात्र सहसा परतत नाहीत, कारण त्यांना राजवाड्याचा वा ग्रंथाचा नव्हे, जात्याचा आणि अंगणाचा वास आहे. आपल्याला जुने नाव हवे असते, परंतु त्यातले कष्ट नको असतात. जनाबाईचे अभंग वर्गात शिकविताना, ‘जनी’ हे नाव आपण आपल्या मुलीला ठेवू का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावा. त्याच्या उत्तरात मराठी साहित्याविषयी नसले, तरी मराठी समाजाविषयी बरेच काही कळेल.