न संपणारे काम: अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस आणि दीर्घ आजाराचे समाजशास्त्र

१/ मधुमेह, संधिवात, हृदयविकार. असे आजार सहसा पुरते बरे होत नाहीत. माणूस ते सोबत घेऊन वर्षानुवर्षे जगतो. या जगण्याला अभ्यासविषयाचा मान मिळवून देणाऱ्यांत अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस (१९१६–१९९६) अग्रणी होते. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२/ आधी पार्श्वभूमी. १९५१ मध्ये टॅलकॉट पार्सन्स यांनी ‘रुग्णभूमिका’ ही संकल्पना मांडली. आजाऱ्याला नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून सूट मिळते. बदल्यात त्याने डॉक्टरांचे ऐकून बरे होण्याची धडपड करायची. तापाच्या रुग्णाला हा करार चपखल बसतो. पण जो बरा होणारच नाही, त्याला सूट किती दिवसांची?

३/ हा प्रश्न वैद्यकाच्या यशातूनच निर्माण झाला होता. १९२२ मध्ये इन्शुलिनचा उपचार सुरू झाला आणि एरवी दगावणारी मधुमेही मुले जगू लागली. मात्र रोजची सुई आणि रोजचे पथ्य त्यांच्या आयुष्याला कायमचे जोडले गेले.

४/ स्ट्रॉस शिकागो विद्यापीठाच्या परंपरेत घडले. माणसांमध्ये जाऊन पाहायचे, ऐकायचे, मग सिद्धान्त मांडायचा, ही तिथली रीत. १९६० मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नर्सिंग विद्याशाखेत दाखल झाले. रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ असणाऱ्या परिचारिका आता त्यांच्या सहकारी आणि विद्यार्थिनी होत्या.

५/ १९६५ मध्ये बार्नी ग्लेझर यांच्यासह त्यांनी मरणासन्न रुग्णांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. मृत्यू जवळ आल्याचे कोणाला ठाऊक आहे, कोण जाणूनबुजून अजाण राहते, याचा तो वेध होता. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, या दोघांनी ‘ग्राउंडेड थिअरी’ ही संशोधनपद्धती मांडली.

६/ १९७५ च्या ग्रंथात दीर्घ आजारातील जीवनमान हा विषय आला. पथ्य सांभाळायचे कसे? लक्षणे चारचौघांत लपवायची कशी? एकटेपणाचे काय? पुढे त्यांनी आजाराच्या ‘मार्गक्रमा’ची कल्पना विकसित केली. त्यात शरीरातील बिघाडाबरोबरच त्याभोवती अनेकांनी केलेले कामही मोजले जाते.

७/ ‘काम’ हाच त्यांच्या विचाराचा गाभा. ज्युलिएट कॉर्बिन यांच्यासह त्यांनी घरी आजार सांभाळणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास केला. १९८५ च्या लेखात त्यांनी तीन प्रकारची कामे वेगळी केली: आजाराचे काम, रोजच्या संसाराचे काम आणि स्वतःच्या आयुष्याची कहाणी नव्याने जुळवण्याचे काम. यातील तिसरे कुठल्याही औषधचिठ्ठीवर लिहिलेले नसते.

८/ त्यांच्या विद्यार्थिनी कॅथी चार्माझ यांनी १९८३ मध्ये हा धागा पुढे नेला. दीर्घ आजारी माणूस केवळ वेदना सोसत नाही. मर्यादित झालेले आयुष्य, एकाकीपण आणि आपण इतरांवर ओझे झाल्याची भावना यांतून त्याचा ‘स्व’च झिजत जातो, असे त्यांनी दाखवले.

९/ इतिहासाच्या अभ्यासकांना यात एक इशारा आहे. रुग्णालयाचे कागद दप्तरात राहतात. रात्री उठून औषध देणाऱ्या हातांची नोंद कुठेच होत नाही. नोंद नाही म्हणून काम झालेच नाही, असे मानण्याची चूक आपण सहज करतो.

१०/ मराठी भाषेने मात्र ही चूक केलेली नाही. आपण ‘आजारपण काढतो’: स्वतःचे आणि दुसऱ्याचेही. त्या क्रियापदात दडलेले कष्ट स्ट्रॉस यांनी समाजशास्त्राच्या पानावर आणले. आपल्या घरात कोणी कोणाचे आजारपण काढले, हे एकदा विचारून लिहून ठेवा. तोही इतिहासच आहे.