औंदा मिरगाचं वाहन काय?



रोहिणी लागली की पारावर एकच विषय निघतो, "औंदा मिरगाचं वाहन काय?" हत्ती, म्हैस किंवा बेडूक म्हटलं की चेहरे खुलतात. मोर, गाढव, उंदीर म्हणजे मध्यम पाऊस. कोल्हा नाहीतर मेंढा निघाला की जुनी माणसं गप्प बसतात.

हे वाहन ठरतं कसं? सूर्य नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते बघतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजतात आणि त्या आकड्याला 9 नं भागतात. बाकी 1 उरली तर घोडा, 2 कोल्हा, 3 बेडूक, 4 मेंढा, 5 मोर, 6 उंदीर, 7 म्हैस, 8 गाढव. काहीच उरलं नाही तर हत्ती. म्हणजे यात ना ढग बघितला, ना वारा. आकडा ध्यानात राहत नाही, पाण्यात डुंबणारी म्हैस राहते. जनावरांची नावं त्यासाठीच दिली असावीत, असं मला वाटतं.

अडचण एवढीच की पंचांगात आंबोलीला जे वाहन, तेच आपल्या आष्टी-पाटोद्याला. तिकडं सह्याद्रीच्या माथ्यावर धो-धो, आपण पर्जन्यछायेत.

बापजाद्यांनी मात्र नुसत्या पंचांगावर भागवलं नाही, शिवारातली पाखरंही ऐकली. पावशा ओरडला की त्यांना 'पेर्ते व्हा' ऐकू आलं. हिंदी मुलखात तोच आवाज 'पी कहाँ' झाला, तर इंग्रज साहेबाला 'ब्रेन फीव्हर', म्हणजे मेंदूचा ताप! पाखरू एकच, ज्याला जो घोर तेच त्याला ऐकू आलं. खरं तर विणीच्या हंगामातली ती नराची साद. पावशाची मादी सातभाईच्या घरट्यात अंडी घालते. हा हंगाम आणि आपली पेरणी जवळजवळ येतात, म्हणून सांगड बसली. पण पावशा भर उन्हाळ्यातही ओरडतो, जमिनीत टिपूस ओल नसताना.

वाहन काय किंवा पावशा काय, तयारीला लागा एवढं सांगतात. ओल कुणीच मोजत नाही. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी नको, असं कृषी विभाग सांगतो. घाई केली आणि पावसानं ओढ दिली की दुबार पेरणी. बियाणं परत, खत परत, उसनवारी परत.

वाहन जरूर विचारा, पावशाही ऐका. पण मूठ धरायच्या आधी वावरात खुरप्यानं उकरून ओल किती खोल गेली ते बघा.

तुमच्या गावाकडं पावसाचे आणखी कोणते ठोकताळे धरतात? घरातल्या जुन्या माणसांना विचारून लिहा.