चक बेरी : दोन बोलींच्या सीमेवरील गीतकार

'रॉक अँड रोल' या संगीतप्रकाराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा ठेक्यावर, वाद्यांवर आणि गायकाच्या अंगविक्षेपांवर खिळते. शब्दांकडे फारसे कोणी वळत नाही. किंबहुना या गाण्यांत शब्द म्हणण्यासारखे काही नसतेच, नुसता घोष असतो, असा सुशिक्षितांचा समज आहे. काही गायकांच्या बाबतीत तो अगदीच निराधार म्हणता यावयाचा नाही. परंतु चार्ल्स एडवर्ड अँडरसन बेरी ऊर्फ चक बेरी (१९२६–२०१७) याच्या बाबतीत तो सपशेल चुकीचा आहे. बेरी उत्तम गिटार वाजवी, गुडघे वाकवून रंगमंचावर बदकासारखा चाले, आणि या दोन्ही गोष्टींची नक्कल पुढे पुष्कळांनी केली. पण वर्णभेदाने दुभंगलेल्या समाजात कोणत्या उच्चारांत व कोणत्या शब्दांत गायिले असता दोन्ही बाजूंचे लोक कान देतील, याचा त्याने जो जाणीवपूर्वक विचार केला, तो त्याच्या समकालीनांत क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात त्याच्या चरित्राचा मागोवा या अंगाने घ्यावयाचा आहे.

बेरीचा जन्म १८ ऑक्टोबर १९२६ रोजी मिसूरी राज्यातील सेंट लुइस शहरी झाला. वडील बांधकामाची कंत्राटे घेत व अँटिऑक बाप्टिस्ट चर्चचे डीकन होते; आई शिक्षणक्षेत्रातली. ज्या 'व्हिल' वस्तीत हे कुटुंब राहत होते, तेथे कृष्णवर्णीय मध्यमवर्गाची घरे, शाळा व चर्चे होती. तेथील समनर हायस्कूल ही मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील कृष्णवर्णीयांची पहिली माध्यमिक शाळा. बेरी तेथेच शिकला, आणि १९४१ साली तेथल्याच एका कार्यक्रमात त्याने प्रथम लोकांसमोर गाणे म्हटले. म्हणजे ज्याला पुढे रस्त्यावरचा गवई समजले गेले, तो प्रत्यक्षात नीटनेटकी इंग्रजी बोलणाऱ्या घरातला मुलगा होता. शिक्षण मात्र पुरे झाले नाही. १९४४ साली सशस्त्र लुटीच्या आरोपावरून त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि अल्गोआ येथील सुधारगृहात तो गेला. आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, १९४७ साली, तो सुटला. पुढच्या वर्षी लग्न; मग मोटारींच्या कारखान्यात नोकरी, झाडलोटीचे काम, केशरचनेचे शिक्षण.

१९५२ सालच्या अखेरच्या रात्री पियानोवादक जॉनी जॉन्सन याने आपल्या तिघांच्या वाद्यमेळात आजारी सॅक्सोफोनवादकाच्या जागी बेरीला बोलावले. पुढे ईस्ट सेंट लुइसमधील कॉस्मोपॉलिटन क्लबात ही मंडळी नियमाने वाजवू लागली. श्रोते बहुतांशी कृष्णवर्णीय. त्यांच्यापुढे बेरी मधूनच 'हिलबिली' गाणी म्हणू लागला. हिलबिली म्हणजे डोंगराळ मुलखातील गोऱ्या खेडुतांचे गाणे. शब्द मुळात हेटाळणीचाच. प्रथम लोक हसले, हा काळा हिलबिली कोण म्हणून कुजबुजले, आणि मग त्याच गाण्यांवर नाचू लागले. हळूहळू गोरे श्रोतेही नदी ओलांडून येऊ लागले.

१९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात बेरीने या काळाविषयी जे लिहिले आहे, ते भाषेच्या अभ्यासकाला मोलाचे वाटावे. प्रत्येक प्रकारचे गाणे त्या त्या लोकांच्या रूढ बोलीत म्हणावयाचे, म्हणजे दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक टिकते, असा त्याचा हिशेब होता. मडी वॉटर्सचे गाणे म्हणताना मिसिसिपीच्या खोऱ्यातली बोली, नॅट किंग कोलचे म्हणताना स्वच्छ नागर उच्चार, खेडवळ गाणे म्हणताना गोऱ्यांचे हेल. एकच माणूस प्रसंगानुरूप बोली बदलतो, हे आपल्याला नवे नाही. घरी एक आणि कचेरीत एक अशा दोन बोली आपणही बोलतो. पण सामान्य वक्ता हे नकळत करतो. बेरीने ते व्यवसायाचे साधन म्हणून, मोजूनमापून केले, आणि पुढे स्वतःच्या गीतांसाठी त्यातून एक तिसरीच, मधली वाणी घडविली. तिच्यात व्यंजने स्पष्ट आहेत, अंत्याक्षरे गिळलेली नाहीत, आणि झपाट्याच्या लयीतही एकेक शब्द सुटा ऐकू येतो. वेगाने चालणाऱ्या कथेला ही स्पष्टता आवश्यकच होती.

मे १९५५ मध्ये बेरी शिकागोला गेला. मडी वॉटर्सच्या सांगण्यावरून तो ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या लेनर्ड चेस याला भेटला. चेसला ब्लूजपेक्षा 'आयडा रेड' या जुन्या फिडलच्या गाण्याचा बेरीने केलेला नवा अवतार पसंत पडला. नाव बदलून तो 'मेबेलिन' झाला, २१ मे रोजी मुद्रित झाला, आणि कृष्णवर्णीयांच्या 'ऱ्हिदम अँड ब्लूज' यादीत पहिल्या, तर सर्वसाधारण यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला. कर्ता म्हणून मात्र बेरीच्या नावापुढे ॲलन फ्रीड हा रेडिओ-निवेदक आणि रस फ्रॅटो अशी आणखी दोन नावे छापली गेली. यांपैकी कोणीही एक अक्षर लिहिले नव्हते. गाणे वाजविण्याच्या मोबदल्यात मानधनाचा वाटा देण्याची ती तऱ्हा होती. हे कर्तृत्व पूर्णपणे बेरीकडे परत येण्यास १९८६ साल उजाडावे लागले.

ध्वनिमुद्रिकेला चेहरा नसतो. 'मेबेलिन' ऐकून अनेकांनी गायक गोरा आहे असे धरले. टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे एका नृत्याच्या कार्यक्रमास तो दारापर्यंत गेला असता, हे गाणे कृष्णवर्णीय माणसाचे असेल अशी कल्पना नव्हती, असे सांगून त्याला परत पाठविण्यात आले. आत दुसराच वाद्यमेळ वाजवीत होता. त्याच्या वाणीला मिळालेली ही सर्वांत मोठी पावती, आणि तिची किंमतही याच प्रसंगात दिसते.

बेरीच्या विषयांची यादी लहान आहे : मोटार, शाळा, नाच, टेलिफोन, प्रवास. १९५७ साली 'स्कूल डे' आले तेव्हा तो तीस वर्षांचा गृहस्थ होता. शाळकरी मुलांचे जग त्याने आठवणीतून व निरीक्षणातून उभे केले. नाटककार पात्राची भाषा घडवितो तसेच हे काम आहे. 'मेम्फिस, टेनेसी' (१९५९) या गीतात एक माणूस दूरध्वनीच्या ऑपरेटरशी बोलत असतो. मारी नावाच्या कोणा स्त्रीशी जोडून देण्याची त्याची विनवणी चालू असते. ती प्रेयसी असावी असे आपण समजतो, आणि शेवटी कळते की ती दुरावलेली सहा वर्षांची मुलगी आहे. एकाच बाजूचे संभाषण आणि अखेरपर्यंत राखलेले गुपित एवढ्यावर ही लघुकथा उभी आहे. शब्द पाडण्याचाही त्याला नाद होता. 'मेबेलिन'मध्ये मोटार हाकण्यासाठी त्याने 'मोटर' आणि 'मोटिव्हेट' यांच्या संकरातून 'मोटरव्हेट' असे क्रियापद बनविले. 'कूलरेटर' हाही त्याचाच शब्द, असे पुष्कळ लोक मानतात. तो मात्र शीतपेट्या बनविणाऱ्या एका कंपनीचे नाव होते. नवा शब्द घडविणे आणि नेमका शब्द उचलणे, या दोन्ही शक्ती त्याच्यापाशी होत्या.

वर्णाविषयी तो सरळ बोलत नसे. १९५६ च्या 'ब्राउन आइड हँडसम मॅन'मध्ये तपकिरी रंग त्वचेवरून डोळ्यांवर सरकला आहे. ज्याला समजावयाचे त्याला समजते. अधिक बोलके उदाहरण 'जॉनी बी. गुड' (१९५८) याचे. लुइझियानाच्या रानातला, लिहिण्यावाचण्यात यथातथाच पण गिटारवर हुकमत असलेला एक मुलगा हा तिचा नायक. त्याच्या आडनावात बेरी जेथे जन्मला त्या गुड ॲव्हेन्यू या रस्त्याचे नाव आहे, आणि आद्याक्षरासह उच्चारले की 'चांगला हो' असा आज्ञार्थही त्यातून ऐकू येतो. या मुलाचे वर्णन बेरीने प्रथम 'कलर्ड' या शब्दाने केले होते. गोऱ्यांची रेडिओ-केंद्रे गाणे लावणार नाहीत, म्हणून त्याने तेथे 'कंट्री' म्हणजे खेड्यातला असा शब्द घातला. दोन्ही शब्द दोन अक्षरांचे, दोहोंत आघात पहिल्या अक्षरावर, आणि ते पहिले अक्षरही एकाच ध्वनीने सुरू होणारे. लयीला धक्काही लागत नाही. या बदलाला कोणी शरणागती म्हणतात. मला हे मत एकांगी वाटते. 'कलर्ड' हा शब्द समाजाने बाहेरून चिकटविलेला होता. 'कंट्री' या शब्दाने गोऱ्या खेड्यातला पोरही नायकाच्या जागी स्वतःला पाहू लागला. तथापि असे करावे लागले यातला अन्याय त्यामुळे पुसला जात नाही. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात पाठविलेल्या तबकडीवर हे गाणे आहे, अर्थात बदललेल्या शब्दासह.

डिसेंबर १९५९ मध्ये बेरीला अटक झाली. चौदा वर्षांच्या एका मुलीला अनैतिक हेतूने राज्याच्या सीमेपलीकडून आणल्याचा आरोप होता. न्यायाधीशाच्या वर्णद्वेषी शेऱ्यांमुळे पहिला निकाल रद्द झाला. दुसऱ्या खटल्यात शिक्षा कायम झाली, आणि फेब्रुवारी १९६२ ते ऑक्टोबर १९६३ तो तुरुंगात होता. न्यायासनाचा द्वेष खरा होता, म्हणून अपराध लहान ठरत नाही. चरित्रकाराने यांपैकी एक गोष्ट सांगून दुसरी झाकू नये.

तुरुंगात त्याने जी गीते रचली, त्यांत 'प्रॉमिस्ड लँड' हे मला सर्वश्रेष्ठ वाटते. मार्ग अचूक यावा म्हणून त्याने नकाशांचे पुस्तक मागितले, तेव्हा हा पळून जाण्याचा बेत तर नव्हे, अशी अधिकाऱ्यांना शंका आली. व्हर्जिनियातील नॉरफोकहून निघालेला गरीब मुलगा बसने, आगगाडीने व अखेर विमानाने लॉस एंजेलिसला पोचतो, एवढीच गोष्ट. पण बस रॉक हिलला न थांबता पुढे जाते आणि बर्मिंगहॅममध्ये बंद पडते. मे १९६१ मध्ये बसमधील वर्णभेद मोडण्यास निघालेल्या 'फ्रीडम रायडर्स'ना याच दोन गावांत मारहाण झाली होती. १९६४ सालच्या श्रोत्याला गावांची नुसती नावे पुरेशी होती.

तोपर्यंत त्याचा वारसा समुद्रापार गेला होता. रोलिंग स्टोन्सची १९६३ सालची पहिली ध्वनिमुद्रिका बेरीच्याच 'कम ऑन'ची; बीटल्सनी 'रोल ओव्हर बीथोव्हन' म्हटले; बीच बॉइजच्या 'सर्फिन यू.एस.ए.'ची चाल 'स्वीट लिटल सिक्स्टीन'ची निघाली आणि कर्तृत्व बेरीला द्यावे लागले. बॉब डिलनने 'टू मच मंकी बिझनेस'चे ऋण मान्य केले आहे. अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत पहिला क्रमांक मात्र बेरीला एकदाच, १९७२ साली, 'माय डिंग-अ-लिंग' या त्याने मुळात न लिहिलेल्या थिल्लर गाण्याने मिळाला. लोकाभिरुचीचे असे निवाडे अभ्यासकाने मुकाट्याने नोंदवावेत. २०१२ साली पेन न्यू इंग्लंड या साहित्यसंस्थेने गीतलेखनाचा आपला पहिला पुरस्कार त्याला व लेनर्ड कोहेनला दिला, ही त्यामानाने समाधानाची गोष्ट.

उतारवयात तो एकटाच गिटार घेऊन गावोगाव जाई, पैसे आगाऊ मोजून घेई, आणि साथीला मिळतील ते स्थानिक वादक घेई. सराव करण्याची त्याला गरज वाटत नसे. अनेक कार्यक्रम त्यामुळे बिघडले. १९७९ साली प्राप्तिकर चुकविल्याबद्दल पुन्हा काही महिने तुरुंगवास घडला. १८ मार्च २०१७ रोजी मिसूरीतच, नव्वदाव्या वर्षी, तो वारला. शेवटचा गीतसंग्रह त्यानंतर जूनमध्ये निघाला.

त्याला पहिली संधी देणाऱ्या जॉनी जॉन्सनने २००० साली दावा लावला, की अनेक गीतांच्या संगीतरचनेत आपला वाटा असून त्याचे श्रेय व मोबदला आपल्याला मिळालेला नाही. बेरीच्या पुष्कळ चाली पियानोला सोयीच्या स्वरांत बांधलेल्या आहेत, याकडे जाणकारांनी पूर्वीच लक्ष वेधले होते. फार उशीर झाला या कारणावरून २००२ साली न्यायालयाने दावा फेटाळला, आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. शब्द मात्र बेरीचेच, हे जॉन्सनच्या दाव्यातही मान्य केलेले होते.