पडलेला संघ किती वर्षांत उठतो?

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही अमेरिकेतल्या फुटबॉलचे नाव काढले. ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते आम्ही विसरणार नाही. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, कंत्राटी कामगारांवर बोलावे. खेळावर, आणि तोही ह्या गावात कोणी खेळत नाही अशा खेळावर, त्याने काय म्हणून बोलावे? त्याचे कारण आधी सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा संप फसला. शेकड्यांनी असलेले सभासद गळाले आणि वर्गणी भरणारे चाळीस-पंचेचाळीस उरले. एके दिवशी पाळी सुटल्यावर एका वयस्क फिटरने आम्हाला गेटाबाहेर गाठले आणि विचारले, "भाऊ, परत उभं राहायला किती वर्षं लागतील?" आम्ही छातीठोकपणे सांगितले, "दोन." लागली सात. तोपर्यंत तो फिटर निवृत्त होऊन कोकणात आपल्या गावी गेला होता. तेव्हापासून मोडलेल्या संस्था पुन्हा कशा उभ्या राहतात हे जिथे वाचायला मिळेल तिथे वाचायचा आम्हाला नाद लागला. बाकीच्या संस्थांच्या अहवालांवर आमचा फारसा भरवसा नाही. आम्ही स्वतः पंधरा-वीस वार्षिक अहवाल लिहिले आहेत आणि त्यांपैकी प्रत्येक वर्ष "प्रगतीचे" आहे. खेळात ती सोय नाही. किती सामने जिंकले आणि किती हरले, हे कोणत्याही अध्यक्षाला झाकता येत नाही.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबोडका, तो बहुतेक हातांतच असतो, आणि अकरा-अकरा माणसे एकमेकांवर आदळत इंच इंच जमीन जिंकतात. व्यावसायिक संघांची एक लीग आहे. वर्षभराच्या साखळी सामन्यांत जे वर येतात ते बाद फेरीत जातात, आणि तिथून विजेता ठरतो. १९५८ साली त्या लीगमध्ये बारा संघ होते, सहा-सहांचे दोन गट होते, आणि फक्त गटविजेत्यालाच पुढे जागा होती. त्या वर्षी ग्रीन बे गावच्या 'पॅकर्स' संघाने बारा सामन्यांपैकी एक जिंकला, दहा हरले आणि एक बरोबरीत सुटला.

हे ग्रीन बे गाव विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या एका खाडीवर आहे. १९६० साली तिथे साठ-बासष्ट हजारांची वस्ती होती. न्यूयॉर्क आणि शिकागोच्या संघांशी सामना देणारे हे जिल्ह्याच्या ठिकाणाएवढे गाव! १९१९ साली कर्ली लॅम्बो नावाचा तरुण तिथे मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कारकून होता. त्याने मालकांकडून गणवेशासाठी पाचशे डॉलर मिळवले, आणि 'पॅकर्स' म्हणजे डबे भरणारे हे नाव संघाला चिकटले. कारखाना केव्हाच गेला, नाव राहिले. १९२३ साली गावकऱ्यांनी पाच-पाच डॉलरचे भाग घेऊन संघाची संस्था केली. त्या भागांवर लाभांश मिळत नाही आणि ते नफ्याने विकताही येत नाहीत. आजही हा संघ कोणा एका धनिकाचा नाही. १९५७ साली नवे मैदान उभे राहिले तेही नागरिकांच्या मतदानाने मंजूर झालेल्या कर्जरोख्यांवर. म्हणजे दुसऱ्याच वर्षी दहा सामने हरले ते कोणा मालकाचे नव्हे, गावाचेच हरले.

१९५९ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या संघातला दुय्यम प्रशिक्षक व्हिन्स लोंबार्डी ह्याला बोलावण्यात आले. वय पंचेचाळीस, ब्रुकलिनमधल्या मांसविक्रेत्याचा मुलगा. तोपर्यंत व्यावसायिक संघ त्याच्या एकट्याच्या हाती कधी आला नव्हता. त्याने पहिले तीन सामने जिंकले, मग ओळीने पाच हरला आणि शेवटचे चार पुन्हा जिंकले. ते पाच पराभव चालू असताना गावात काय बोलले जात असेल ह्याची कल्पना कोणत्याही युनियनच्या सेक्रेटरीला करता येईल. १९६० साली संघ गटविजेता झाला आणि अंतिम सामना फिलाडेल्फियाकडून १७–१३ असा हरला. ३१ डिसेंबर १९६१ रोजी ग्रीन बेमध्येच न्यूयॉर्कचा ३७–० असा धुव्वा उडाला. पुढच्या सहा वर्षांत आणखी चार विजेतेपदे आली.

तेव्हा उत्तर सोपे दिसते: दोन वर्षांत दारात, तीन वर्षांत गादीवर. ह्याच हिशेबाने अमेरिकेत प्रत्येक नव्या प्रशिक्षकाला घाई केली जाते. इथे आम्हाला एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. त्याचे नाव जॅक व्हेनिसी.

व्हेनिसी १९५० साली खेळाडू हेरण्याच्या कामावर आला. लीगची रीत अशी की महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे, आणि जो सर्वांत खाली त्याची पाळी आधी. व्हेनिसी देशभरच्या खेळाडूंची माहिती जमवत बसे. मुख्य प्रशिक्षक बदलत गेले, चौथा लोंबार्डी; व्हेनिसी होता तिथेच होता. १९५६ साली बार्ट स्टार हा खेळाडू दोनशेव्या क्रमांकावर घेतला गेला, म्हणजे एकशे नव्याण्णव मुले त्याच्याआधी उचलली गेली होती. पुढे विजेत्या संघांचा सूत्रधार तोच झाला. त्याच वर्षी फॉरेस्ट ग्रेग, १९५७ ला पॉल हॉर्नंग, आणि १९५८ च्या एकाच निवडीत जिम टेलर, रे निट्श्के व जेरी क्रेमर. ज्या वर्षी संघ एकच सामना जिंकला, त्या वर्षी ही माणसे त्या संघात होती! पीक शेतात उभे होते. पाणी देणारा नव्हता.

लोंबार्डी आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा होता असे मात्र नव्हे. हेन्री जॉर्डन आणि विली डेव्हिस त्याने क्लीव्हलंडकडून मिळवले, विली वूडला कोणीच निवडले नव्हते त्याला जागा दिली, आणि मोजकेच डाव संघाच्या अंगात मुरेपर्यंत पुनःपुन्हा करून घेतले. काही जुनी माणसे त्याने लगोलग काढली. त्यांत चेंडू झेलण्यात नाणावलेला बिली हाउटन होता, आणि तो खेळाडूंच्या संघटनेतला एक पुढारी होता. आमच्या पेशातल्या माणसाच्या नजरेला हे टोचल्याशिवाय राहत नाही. पण त्यावरून आम्ही काही सिद्ध करू पाहत नाही.

व्हेनिसीचे हृदय आजाराने अधू होते. २७ नोव्हेंबर १९६० रोजी तो वारला, तेहेतीस वर्षांचा असताना. १७ डिसेंबरला संघाने गट जिंकला. लोंबार्डीपासून मोजले तर दोन वर्षे. व्हेनिसीपासून मोजले तर दहा.

आणखी एक गोष्ट ह्या दोन वर्षांच्या हिशेबात बसते, ती खेळाच्या पुस्तकांत तळटीपेत असते. त्या काळी खेळाडूने एका संघाशी करार केला की तो जवळजवळ त्या संघाचाच होई. करार संपला तरी मनाजोगे दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. स्टार, टेलर, निट्श्के वर्षानुवर्षे एकत्र राहिले ते एकमेकांवरच्या प्रेमामुळे राहिले असतील. पण दाराला कुलूपही होते. बाकी हेच मालक आपसांत मात्र मोठे समतावादी. सर्वांत दुबळ्याला पहिली निवड, आणि १९६१ साली कायदा करून घेऊन दूरचित्रवाणीचे पैसे सर्व संघांत सारखे वाटायचे! ह्या वाटणीमुळेच ग्रीन बेसारखे छोटे गाव लीगमध्ये टिकले, हे मान्य केले पाहिजे. एकजुटीची किंमत मालकांना नेहमीच कळते.

१९६७ च्या हंगामानंतर लोंबार्डीने प्रशिक्षकपद सोडले, आणि ग्रीन बे पुन्हा पडले. १९६८ पासून १९९२ पर्यंत पंचवीस हंगामांत संघ दोनदाच बाद फेरीत गेला. दर काही वर्षांनी नवा माणूस यायचा आणि "आता दोन वर्षांत" असे म्हणायचा. १९७४ सालचा प्रसंग तर वाचण्याजोगा आहे. हंगाम हातचा जातो असे दिसताच प्रशिक्षक डॅन डिव्हाइन ह्याने जॉन हॅडल हा चौतीस वर्षांचा खेळाडू आणला, आणि त्याच्या मोबदल्यात पुढच्या दोन वर्षांतल्या पाच निवडी देऊन टाकल्या. त्यांत पहिल्या फेरीच्या दोन होत्या. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! संघ वर आला नाही, आणि हंगाम संपताच डिव्हाइन दुसऱ्या नोकरीवर गेला. कर्ज फेडायला उरला बार्ट स्टार, आता प्रशिक्षक म्हणून. त्याला नऊ वर्षे मिळाली. तेव्हा नुसता धीर धरला की सगळे होते असेही कोणी समजू नये.

ह्या पंचविसांतले दुसरे यश १९८२ चे, आणि ते संपाचे वर्ष होते. आपल्याकडे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतले फुटबॉलपटू संपावर गेले. सत्तावन्न दिवस संप चालला, सोळा सामन्यांचा हंगाम नवावर आला. १९८७ साली ते पुन्हा बाहेर पडले, तेव्हा मालकांनी बदली खेळाडू मैदानात उतरवून तीन आठवडे सामने चालवले. संप मोडला. त्या वेळच्या पराभवाचे वर्णन वाचताना आम्हाला गेटावरची ती संध्याकाळ आठवली. परंतु खेळाडू न्यायालयात गेले, आणि १९९३ साली करार संपल्यावर दुसरा संघ निवडण्याचा हक्क पदरात पडला. ज्या दाव्यातून ही तडजोड निघाली त्यातला प्रमुख वादी रेगी व्हाइट. तो मोकळा झाला तेव्हा मोठमोठी शहरे त्याच्या मागे होती. तो गेला ग्रीन बेला.

तिथे १९९१ च्या अखेरीस रॉन वुल्फच्या हाती कारभार आला होता. तो हंगाम चार विजय आणि बारा पराभवांचा. वुल्फने प्रशिक्षक म्हणून माइक होल्मग्रेनला आणले आणि अटलांटाच्या संघात बाकावर बसलेल्या ब्रेट फार्व्हसाठी पहिल्या फेरीची निवड मोजली. १९९२ साली नऊ विजय. १९९३ साली पुन्हा नऊ, आणि बाद फेरी. म्हणजे इथेही दोनच हंगाम, आणि ह्या वेळी दाराला कुलूप नसताना. मात्र पुढे तीन वर्षे ओळीने बाद फेरीत डॅलसने त्यांना घरी पाठवले. जानेवारी १९९७ मध्ये विजेतेपद आले. डॅलसही १९८९ साली एकच सामना जिंकले होते आणि १९९१ ला बाद फेरीत होते. उलट डेट्रॉइटने १९५७ साली विजेतेपद मिळवले आणि त्यानंतरच्या सहासष्ट वर्षांत बाद फेरीतला एकच सामना जिंकला. जानेवारी २०२४ मध्ये कुठे त्यांनी पुन्हा दोन जिंकले. दोन-तीन वर्षांची उदाहरणे डझनभर देता येतील, पण त्यांच्या शेजारी डेट्रॉइट मांडल्याशिवाय ती कोणी देऊ नयेत.

आमच्या त्या सात वर्षांत पहिली चार कोणाला दिसली नाहीत. एक कॅन्टीनमधला पोरगा दर महिन्याला चाळीस घरी जाऊन वर्गणी गोळा करी. तेवढेच काय ते काम. करार झाला त्या दिवशी पेढे आमच्या हातून वाटले गेले, आणि तो पोरगा तोवर दुसऱ्या नोकरीवर गेला होता. आम्ही फिटरला कोकणात पत्र टाकले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. कराराबद्दल त्यात एकच ओळ होती. बाकी मजकूर असा की निवृत्तीच्या वेळी आपली तीन महिन्यांची वर्गणी राहिली आहे, ती मनीऑर्डरने पाठवत आहोत, पावती जुन्या पत्त्यावर पाठवू नये.